लातुरात हॉट टब? काय सांगता!

सोमवार, सकाळचे साडेदहा. स्टेटस मीटिंग चालू. बॉस एक्सेलमधल्या लाल रकान्यांकडे बघून सुस्कारे टाकतोय आणि टेबलाखाली माझा मोबाइल थरथरतोय. मावसभावाचा फोटो. पहिल्यांदा वाटलं, साबुदाण्याची खीर केलीय कुणीतरी. झूम करून बघते तर खिरीला निळे दिवे होते. बाजूने स्टीलचे नळ.

खाली मेसेज : ‘ताई, हे काय झालं गं? शनिवारी पाव्हणे येलालेत!’

मी मीटिंगमधून ‘क्लायंटचा कॉल’ म्हणून उठले. (बॉस हे वाचत असेल तर सॉरी बॉस.)

तर मंडळी, थोडा फ्लॅशबॅक. हा माझा मावसभाऊ लातूरचा. इंजिनीअर झाला, चार वर्षं हिंजवडीत क्युबिकल तापवलं आणि एक दिवस ‘बस झालं’ म्हणून गावाकडे परत गेला. लातूर-नांदेड रस्त्याला, अहमदपूरच्या अलीकडे त्यांचं शेत आहे. तिथे त्याने दोन खोल्या बांधल्या, चुलीवरचं जेवण, रात्री चांदणं, सकाळी हुरडा. कर्ज काढून केलेलं सगळं. वर त्याच्या डोक्यात आयडिया आली की हे तर सगळेच देतात, आपण काहीतरी हटके देऊ. म्हणून पुण्याकडून कुणाचा तरी काढलेला सेकंडहॅण्ड हॉट टब घेऊन आला. सहा माणसं बसतील असा, १२०० लिटरचा. टेम्पोत बांधून, ताडपत्री घालून. गावातल्या पोरांना वाटलं, मोठ्ठा देवमासा आणलाय.

मावशी मात्र बोललीच नाही. चार दिवस. आमच्या मावशीचं न बोलणं म्हणजे काय, हे ज्यांना मराठवाड्यातली मावशी आहे त्यांना सांगायला नको.

तिचंही बरोबर होतं हो. २०१६चं लातूर तुम्ही बातम्यांत बघितलं असेल, तिने रांगेत बघितलंय. मांजरा धरण आटलेलं, नळाला पाणी नाही, टँकरवर भांडणं. मार्चमध्ये तर पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, म्हणजे पाच माणसांनी मिळून घागर घेऊन उभं राहायचं नाही! मग १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा डबे, डब्याला साधारण ५० हजार लिटर. मी त्या दिवशी पुण्यात ऑफिसच्या पॅण्ट्रीत टीव्हीवर ते बघत होते आणि हातात अर्धी प्यायलेली बिस्लेरी होती. ती अर्धी बाटली मला अजून आठवते. मावशीने त्याच उन्हाळ्यात सोन्याची एक पाटली मोडून शेतातल्या घरामागे हौद बांधून घेतला, पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला. त्या वर्षी पाऊस बरा झाला. हौद भरला. तेव्हापासून त्या हौदाला लोखंडी झाकण आहे, झाकणाला कुलूप आहे आणि किल्ली मावशीच्या कमरेला आहे.

आता तिच्याच पोराने त्याच अंगणात १२०० लिटर पाणी ‘बसायला’ भरायचं ठरवलं. खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं, असं जलजीवन मिशनचं गणित आहे. म्हणजे हा टब म्हणजे जवळपास बावीस माणसांचा एक दिवस.

असो. फोटोकडे येऊ.

मी बीएस्सी केमिस्ट्री. डिग्रीचा मला आजवर एकच उपयोग झालाय, आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलची कमिटी माझ्या गळ्यात पडलीय. त्यामुळे क्लोरीन, पीएच वगैरे शब्द मी जरा ऐटीत वापरते. फोनवर त्याला विचारलं, काय काय टाकलंस सांग.

म्हणे, बोअरचं पाणी भरलं. ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चमचाभर टाकली, टाकीत टाकतात त्या हिशोबाने. मग एक परदेशी व्हिडिओ बघितला. त्यात त्या गोऱ्या बाईने सांगितलं की टब नवा भरला की आधी खायचा सोडा टाका. म्हणून पाव किलो खायचा सोडा टाकला. हीटर लावला. जेट चालू केले. आणि पाण्याचं दूध झालं.

इथेच तर खरी गंमत आहे. त्या बाईचं चुकलं नव्हतं, फक्त तिचं पाणी वेगळं होतं. तिकडे बऱ्याच ठिकाणी नळाला मऊ पाणी असतं, त्यात ‘अल्कलिनिटी’ कमी असते. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ती कमी असली की पीएच उड्या मारतो, म्हणून तिथे सोडा टाकून ती वाढवतात. टबासाठी ८० ते १२० पीपीएम बास. आणि आपला लातूरचा बोअर? काळ्या बेसाल्टच्या भेगांतून शे-सातशे फुटांवरून येणारं पाणी. मी नंतर मोजलं तेव्हा त्या बोअरची अल्कलिनिटी ३४० निघाली आणि हार्डनेस ४२०! त्यात पाव किलो सोडा म्हणजे आणखी सव्वाशेची भर. आधीच साखरेच्या पाकात बसलेल्या गुलाबजामला मध लावल्यासारखं.

मग दूध कसं झालं? तुमच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच प्रकार. बाकीचे पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, चुना मात्र उलटा वागतो. पाणी तापलं की तो बाहेर पडतो. जेटच्या फवाऱ्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो, त्यामुळे पीएच चढतो आणि चुन्याला आणखी जोर येतो. म्हणजे गरम करा, ढवळा, सोडा घाला... खीर तयार.

त्याचं म्हणणं, सगळं सोडून देतो, टँकर मागवतो, परत भरतो. मी म्हटलं, खबरदार! १२०० लिटर पाणी ओतायचं? मावशी तुला घरात घेणार नाही. फिल्टर चालू ठेव, मी बुधवारी निघतेच आहे, येते आणि ॲसिडने पीएच खाली आणते, पाणी आपोआप निवळेल. केमिस्ट्री आहे रे, टेन्शन काय घेतोस!

हे मी किती आत्मविश्वासाने बोलले असेन, ते तुम्हाला मंगळवारी रात्री कळेल.

मंगळवारी रात्री अकरा वाजता फोन. आता आवाज वेगळा. त्याची मुलगी, सहा वर्षांची, मला ‘आत्तू’ म्हणते. तिच्या पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लाल पुरळ. जिथे जिथे पोहायचा ड्रेस होता, तिथे जास्त. आणि त्याच्या एका मित्रालाही तसंच. रविवारी संध्याकाळी ‘ट्रायल’ म्हणून चार मोठे आणि ही चिमुरडी, सगळे तासभर त्या पाण्यात बसले होते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

‘क्लोरीन किती होता?’ मी.

‘वास तर येत होता ताई. म्हणजे होताच की!’

इथे जरा थांबू या, कारण हा गैरसमज पुण्या-मुंबईच्या भल्याभल्या जिममध्येही आहे. पूलवर गेलं की नाकाला झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ येतो आणि आपण म्हणतो, वा, काय स्वच्छता! तो वास चांगल्या क्लोरीनचा नसतोच मुळी. घाम, तेल, लघवी (हो, तेसुद्धा) यांच्याशी झटापट करून थकलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. क्लोरामाइन. वास जितका जास्त, तितका मोकळा क्लोरीन संपल्याची शंका जास्त. चमचाभर जुनी, डबा उघडा राहिलेली टीसीएल आणि त्यात चार घामाघूम गडी. तो क्लोरीन पाच मिनिटंही टिकला नसेल. गरम पाण्यात तो आणखी पटकन उडतो. म्हणून स्विमिंग पूलला मोकळा क्लोरीन निदान १ पीपीएम लागतो, तर हॉट टबला निदान ३.

बुधवारी सकाळी लातूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पुरळ बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पोरीला पोहायला नेलं होतं का?’ कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात वाढणारा स्युडोमोनास नावाचा जंतू केसांच्या मुळाशी जातो आणि असं पुरळ उठतं. बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआप जातं, म्हणाले. पण लक्ष ठेवा, ताप आला तर लगेच या.

मी बुधवारी दुपारी भावाला एकच गोष्ट करायला सांगितली, जेट फुल्ल स्पीडला सोड आणि व्हिडिओ पाठव. व्हिडिओत पांढऱ्या पाण्यावर करडे-काळे पापुद्रे तरंगत होते. भिजलेल्या टिश्यू पेपरसारखे.

माझं पोट खाली गेलं. टब सेकंडहॅण्ड होता. वर्षभर कुठेतरी पडून होता. बाहेरून चकाचक धुतला होता, पण आतल्या पाइपांतून साचलेलं थोडं पाणी आणि त्यावर जंतूंनी धरलेला बुळबुळीत थर, तो कोण धुणार? त्या थराखाली जंतू आरामात राहतात, वरून क्लोरीन टाकला तरी. आणि मी पुण्यात बसून एका फोटोवरून निदान केलं होतं, ‘ओतू नको, निवळेल.’ पाणी निवळलंही असतं कदाचित. दिसायला काचेसारखं झालं असतं. आणि शनिवारी पाव्हणे त्यात बसले असते.

त्या रात्री ट्रॅव्हल्समध्ये मला झोप लागली नाही. (आणि कारण फक्त ड्रायव्हरची गाण्यांची आवड हे नव्हतं.)

आधी नांदेडला उतरले, आई-बाबांकडे. बाबा केमिस्ट्रीचे निवृत्त मास्तर. चहा पिता पिता सगळी कथा ऐकली आणि म्हणाले, ‘तुला आठवतं का, लहानपणी उनकेश्वरला नेलं होतं?’

आठवतं की! किनवट तालुक्यातलं उनकेश्वर, गंधकाच्या वासाचे गरम पाण्याचे झरे. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारला आणि गरम पाणी आलं, अशी कथा सांगतात. कातडीचे आजार बरे होतात म्हणून लांबलांबून लोक येतात. मी नाक दाबून कुंडाच्या काठावर बसले होते आणि आजीने मला ढकललं होतं.

‘तो निसर्गाचा हॉट टब,’ बाबा म्हणाले. ‘पण झरा वाहता असतो. घाण पुढे जाते, नवं पाणी येतं. तुमचा टब म्हणजे उभं पाणी. तेच तेच फिरतंय. उभ्या पाण्याला राखण लागते गं.’

मग पुढे अर्धा तास त्यांनी मला दगड शिकवला. लातूरकडे काळा बेसाल्ट, म्हणून पाणी कठीण. नांदेडच्या कडेला, किनवटकडे, बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो आणि तिथल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन पाणी. ‘आणि तुझा भाऊ अमेरिकेच्या पाण्याची रेसिपी लातूरला करतोय!’ असं म्हणून ते मनसोक्त हसले. निघताना मात्र खिशात प्लॅस्टिकची एक कोरी बाटली कोंबली, बोअरचं पाणी भरून जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत दे म्हणून. ‘तुझ्या त्या रंगीत थेंबांवर माझा विश्वास आहे, पण कागदावर आलेलं बरं.’

नांदेडहून लोहा, अहमदपूर करत एसटीने शेतावर पोचले तेव्हा चार वाजले होते. भाची ओसरीवर बसून कार्टून बघत होती. पुरळ होतं, पण फिकं पडू लागलेलं. तिने फ्रॉक वर करून मला अभिमानाने दाखवलं. मला तिच्याकडे नीट बघवलं नाही.

पिशवीत माझा पूलचा किट होता. तुमच्यासाठी एक टिप. त्या कागदी स्ट्रिप्स असतात ना, पाण्यात बुडवायच्या आणि रंग जुळवायचे, त्या झटपट बघायला झकास. एका पिझ्झाच्या आसपास बाटली येते. पण तारीख बघून घ्या आणि ओल्या बोटांनी बाटलीत हात घालू नका. भावाच्या स्ट्रिप्स टबाबरोबर फुकट आलेल्या, कधीच्याच बाद झालेल्या. आणि तो टीडीएस मीटर, आरओवाला दारात येऊन ग्लासात बुडवून घाबरवतो तो, इथे काहीच कामाचा नाही. पाण्यात किती क्षार विरघळलेत एवढंच तो सांगतो. जंतू आहेत का, क्लोरीन आहे का, पीएच किती, त्याला काही कळत नाही.

थेंबांचा किट म्हणजे आपलं कॉलेजचं टायट्रेशनच. पाणी घ्यायचं, हिरवं करायचं, एकेक थेंब टाकत हिरव्याचं लाल होईपर्यंत मोजायचं. आली अल्कलिनिटी. दुसरीकडे लालाचं निळं, आला हार्डनेस. तिसरीकडे गुलाबी रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. टबाचं पाणी पाण्यासारखंच राहिलं. शून्य. अल्कलिनिटी चारशेच्या वर. पीएचचा रंग तक्त्याच्या शेवटच्या घराच्याही पलीकडे.

‘ओतावं लागेल,’ मी म्हणाले.

भाऊ काही बोलला नाही. मावशी दारात उभी होती, पदर कमरेला खोचलेला. ‘सोमवारी नको म्हणलीस ना गं?’

‘चुकलं माझं, मावशी.’

खरं सांगते, अप्रेझलमध्ये ‘एरियाज ऑफ इम्प्रूव्हमेंट’ ऐकताना पण एवढं लाजल्यासारखं झालं नव्हतं.

पण ओतायच्या आधी त्याच पाण्याकडून एक काम करून घ्यायचं होतं. पाइप धुवायला वेगळं पाणी कशाला वाया घालवायचं? पहिल्यांदा थोडं ॲसिड घालून पीएच साडेसातच्या जवळ आणला, कारण पीएच चढलेला असला की क्लोरीन आळशी होतो, असून नसल्यासारखा. मग द्रव हायपोक्लोराइट, पाव लिटर. म्हणजे १२०० लिटरला साधारण २० पीपीएम, माणसाने बसायच्या पाण्याच्या पाच-सहा पट. झाकण उघडं, पोरांना आत पाठवलेलं, जेट चालू. रात्री तीन वेळा उठून मोजलं, कमी झालं की परत टाकलं. सकाळपर्यंत पाण्यावर जे काही तरंगत होतं त्याचं वर्णन मी ब्रेकफास्ट करत वाचणाऱ्या वाचकांसाठी टाळते.

यातला एक किस्सा सांगायलाच हवा. रात्री दीड वाजता भाऊ अर्धवट झोपेत टीसीएलच्या डब्यातला पेला घेऊन दुसऱ्या डब्यात घालायला निघाला. दुसऱ्या डब्यात मी पुण्याहून आणलेले क्लोरीनचे दाणे. मी जी किंचाळले, की शेजारच्या शेतातलं कुत्रं भुंकायला लागलं. दोन्ही ‘क्लोरीन’च असले तरी दोन वेगळे पदार्थ आहेत आणि कोरडे एकमेकांत मिसळले की आग लागू शकते, स्फोटसुद्धा होऊ शकतो. प्रत्येकाचा चमचा वेगळा. आणि ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचं, ॲसिडवर पाणी नाही. दहावीत पाठ केलं होतं, आठवतंय?

शुक्रवारी सकाळी पाणी सोडलं. म्हणजे ‘सोडलं’ असं मी म्हणतेय, मावशीने एक थेंब सोडू दिला नाही. घरातली सगळी पिंपं, ड्रम, मोडका हंडा, आणि कुठून तरी आणलेला लग्नातल्या मांडवाचा टोप, सगळं ओळीने लावलं. ‘हे संडासाला. हे अंगणाला. हे दोन दिवस उन्हात उघडं ठेवायचं, मग लिंबाला.’ क्लोरीन उन्हात उडून जातो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टँकरच्या पाण्याचा वास जाईपर्यंत वाट बघून झाडांना घालायची तिची जुनी सवय. गोठ्यातल्या हौदात मात्र घालायचं नाही, एवढंच मी सांगितलं. त्यावर ‘तेवढी अक्कल हाय मला’ असं उत्तर मिळालं.

टब पुसला, चार बादल्यांनी खळबळला, फिल्टरची जुनी काडतुसं फेकून मी आणलेली नवी बसवली. आता भरायचा प्रश्न.

बोअरच्या पाण्याने भरला तर परत तीच खीर, हीटरवर महिन्याभरात थर. आरओचे जार आणायचे तर साठ जार लागले असते, आणि आरओ प्लॅण्ट बरंच पाणी वाया घालवतो. मी वहीत आकडे मांडत बसले होते. बोअर ३४०, ४२०. निम्मं जर मऊ पाणी मिळालं, पावसाचं...

मी मान वर केली. भावानेही केली. दोघांनी हौदाकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मागायची हिंमत नव्हती. त्या झाकणाखाली तिची पाटली होती.

मावशी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘किती लागतंय?’

‘सहाशे लिटर,’ मी पुटपुटले.

‘लिटर बिटर मला नको सांगू. घागरी किती?’

‘चाळीस.’

तिने मेथीची जुडी संपवली. देठं वेगळी केली. हात धुतले. मग म्हणाली, ‘बँकेचा हप्ता पंधरा तारखेला हाय याचा. पाव्हणे माघारी गेले तर हप्ता काय मी भरू का?’ आणि कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. भावाच्या नाही, माझ्या. ‘तू मोजून काढ. हा बादल्या विसरतो.’

चाळीस घागरी मी स्वतः मोजल्या. त्या पाण्याचा वास... मातीच्या कौलासारखा, थंड. किटमध्ये टाकलं तर अल्कलिनिटी चाळीस, हार्डनेस चाळीस. निम्मं हे, निम्मं बोअरचं. मिसळल्यावर १९० आणि २३०. हार्डनेस एकदम परफेक्ट, टबाला दीडशे ते अडीचशे चालतो. आता फक्त अल्कलिनिटी शंभर-एकशेदहावर आणायची.

त्याला ड्राय ॲसिड, सव्वादोनशे ग्रॅम. पण एकदम नाही हं! साठ-साठ ग्रॅम, बादलीत विरघळवून, मग जेट आणि हवा फुल्ल. फंडा असा की ॲसिडने अल्कलिनिटी आणि पीएच दोन्ही उतरतात. मग हवेचे बुडबुडे सोडले की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच एकटाच वर येतो, अल्कलिनिटी खालीच राहते. म्हणजे ज्या जेटनी रविवारी खीर केली, तेच जेट शुक्रवारी आपल्या बाजूने. प्रत्येक हप्त्यानंतर अर्धा-पाऊण तास थांबायचं, मोजायचं, परत. यात शॉर्टकट नाही. (आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला हे सांगायला हवं.) बाथरूम धुवायचं ॲसिड मात्र वापरू नका, त्यात काय आहे आणि किती कडक आहे, बाटलीलाही माहीत नसतं.

संध्याकाळी सातला अल्कलिनिटी ११०, पीएच ७.४. मग क्लोरीनचे दाणे, जेमतेम दोन चमचे. गुलाबी रंग आला, गडद. पाच पीपीएम. तापमान ३८, चाळीसच्या वर कधीच नाही.

आता खरी परीक्षा. पाइपांत अजून काही जिवंत असेल, तर रात्रभरात क्लोरीन खाऊन टाकेल. म्हणून झाकण घालून, कुणीही न बसता, सकाळपर्यंत ठेवायचं आणि परत मोजायचं. एकपेक्षा जास्त उतरला तर बुकिंग कॅन्सल. भावाने मान डोलावली, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्या रात्री आम्ही दोघं बाहेर खाटेवर बसून राहिलो. तो म्हणाला, ‘ताई, पुण्यात असतो तर ईएमआय तरी वेळेवर गेला असता गं.’ मी काही बोलले नाही. माझा जातो वेळेवर. बाकी मला रात्री चांदणं दिसत नाही.

सकाळी सहा. भाची पण उठून आली, तिला ‘गुलाबी पाणी’ बघायचं होतं. मी ट्यूब भरली, थेंब टाकले, तिच्या हातात दिली. हलव म्हटलं.

साडेचार.

भावाने ट्यूब उजेडात धरून दोनदा बघितली आणि मग जो काही ओरडला, शेजारचं कुत्रं परत भुंकायला लागलं.

पाव्हणे आले, सहा जण, पुण्यातलेच आयटीवाले. भावाने दारातच नियम सांगितले. आधी साबणाने अंघोळ, पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसायचं नाही, पाच वर्षांच्या आतलं मूल नको, प्यायलेला माणूस नको. त्यातला एक जण म्हणाला, ‘बॉस, रिसॉर्ट आहे का मिलिटरी कॅम्प?’ भावाने शांतपणे त्याच्यासमोर स्ट्रिप बुडवून दाखवली. त्या माणसाने तिचा फोटो काढून स्टेटसला टाकला.

आता रोज सकाळी सात वाजता मला भावाचा मेसेज येतो. ‘७.४, ३, निवळ.’ दर दोन-तीन महिन्यांनी पाणी बदलावंच लागेल, तेव्हा पुढची भरणी मार्चमध्ये. नेमक्या उन्हाळ्याच्या तोंडावर. तेव्हा टब बंद ठेवायचा असं त्याने आपण होऊन ठरवलंय, पहिल्या पावसापर्यंत. बाबांनी दिलेल्या बाटलीचा रिपोर्टही आला, कागदावर. हार्डनेस ४१२. बाबांनी मला फोन करून ‘थेंब बरे आहेत तुझे’ म्हटलं, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

निघताना मी किल्ली परत द्यायला हौदाकडे गेले. मावशीने झाकण लावलं, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. मग खडूने झाकणावर लिहिलं : ‘४० घागरी. पोराकडून येणं.’ आणि खाली तारीख घातली.